मी वाचून दाखवलेला यादय्या

आमचं घर नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पुढे दत्तूकाकांचं सायकलचं दुकान आणि मागे आमच्या तीन खोल्या. दोन्हींच्या मध्ये पत्र्याची भिंत होती, त्यामुळे दुकानात बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि स्वयंपाकघरातलं दुकानात. सकाळी आई भाकरी थापायला बसली की पलीकडे काकांचा हवेचा पंप सुरू व्हायचा. दोघांची लय कधीकधी अशी जुळायची, की शेजारची बाई हसून म्हणायची, तुमच्याकडे रोज भजन असतं. दादा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. ते पहाटेच जात आणि जेवायला येत. अंगाला तुरीचा, करडईचा भुस्सा लागलेला असायचा. आम्ही मूळचे मंठ्याकडचे. जमीन चुलत्यांकडे राहिली आणि दादा आणि दत्तूकाका असे दोघे भाऊ शहरात आले. काकांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं की ते म्हणायचे, "झालंय की. कमानशी झालंय."

कमान म्हणजे हैदराबादची फुटबॉल टीम. पूर्ण नाव चारकमान क्लब, पण आमच्या दुकानात तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. पगारी खेळाडूंची टीम होती ती, आणि तिचा मालक गिरणीवाला होता. जालन्यातल्या सायकलवाल्याला हैदराबादच्या टीमचं इतकं वेड कशाला, असं आज कुणालाही वाटेल. पण काकांच्या पिढीला मुंबई फार लांबची होती. कोर्टकचेरी, नोकरी, दवाखाना, सगळ्यासाठी त्यांची माणसं निजामाच्या राज्यात हैदराबादलाच जात आलेली. पुढे राज्य बदललं, पण रेल्वेचे रूळ तेच राहिले आणि टीमही तीच राहिली. शिवाय काका स्वतः खेळायचे. छावणीच्या मैदानावर लेफ्ट बॅक म्हणून त्यांचं नाव होतं. विशीत असताना कमानने त्यांना निवड चाचणीला बोलावलं होतं. आठ दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. त्या आठ दिवसांबद्दल ते इतकं बोलायचे, की लहानपणी मला वाटायचं ते तिथे आठ वर्षं होते.

संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर तिघं जमायचे. काका, मोतीशेठ आणि बशीरचाचा. मोतीशेठ जैन व्यापारी होते. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आले, पण शेठ आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत आणि चहात साखर कमी असली की नाराज होत. बशीरचाचा शिंपी होते. तोंडात नेहमी दोन टाचण्या असायच्या, त्या काढूनच बोलायचे. तिघांचं बोलणं बहुतेक एकच असे, की कमान पूर्वी काय होती आणि पुढे तिचं काय होणार. "त्या जमान्यात कमानचं नाव निघालं, की कलकत्त्याचे लोकं घाबरायचे," काका म्हणायचे. बशीरचाचा मान हलवायचे. "अब क्या है दत्तू? बुड्ढे हो गए सब. नवे पोरां पानी के जैसे." मोतीशेठ धंद्याचा माणूस, ते म्हणायचे, "मालकाचं लक्ष उडालंय. मालकाचं लक्ष उडालं की दुकान टिकत नाही." मग कुणीतरी म्हणायचं, एक चांगला फॉरवर्ड मिळाला तर सगळं फिरेल. आणि तिघं गप्प बसून त्या फॉरवर्डची वाट बघायचे, जणू तो पुढच्याच गाडीने उतरणार होता.

रेडिओवर क्रिकेट असे, कमान नसे. हैदराबादचा एक इंग्रजी पेपर मात्र एक दिवस शिळा होऊन स्टेशनवर यायचा. तो मोतीशेठ विकत घ्यायचे आणि तिघांपैकी कुणालाच वाचता येत नसे. शेठना मराठी आणि हिंदी येई, काकांची चौथी झाली होती, आणि बशीरचाचांना तर अक्षरओळखही नव्हती. मी मिशनच्या शाळेत नववीत होते. एका संध्याकाळी काकांनी पत्र्यावर थाप मारून हाक दिली, "कमल, बाहेर ये. हे वाचून दाव." आईने आतून कपाळाला आठ्या घातल्या. न्हातीधुती पोर रस्त्यावरच्या बाकावर पुरुषांत बसणार, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. पण काका म्हणाले, "वहिनी, माझ्याच दुकानात बसून राह्यली ना? पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांची तीन वर्षं झाली.

पहिले काही महिने मी जे लिहिलेलं असे तेच वाचलं. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं. एकदा कमान दोन-शून्यने हरली. बातमी चार ओळींची होती. मी वाचली, संपली. तिघं माझ्याकडे बघत राहिले. "बस? इतकंच?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मला त्यांची दया आली. दया आली असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला भीती वाटली, की आता ते म्हणतील, जा आत. दोन दिवसांपूर्वीच्या पेपरात एका दौऱ्यावर जाणाऱ्या खेळाडूंची यादी आली होती. तिच्यात अगदी शेवटी, राखीव खेळाडूंत, एक नाव होतं, एल. यादय्या. ते नाव मला उच्चारायला आवडलं होतं. मी खाली पेपरात बघत म्हणाले, "शेवटच्या मिनिटाला यादय्या नावाच्या खेळाडूने उजव्या बाजूने तिघांना चुकवून बॉल मारला, पण तो खांबाला लागून परत आला."

बशीरचाचांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कौन बोली? यादय्या?"

"नवा दिसतोय," मोतीशेठ म्हणाले.

"तिघांना चुकवलं?" काका पुढे सरकले. "परत वाच बरं ते."

आणि मी परत वाचलं. नसलेलं वाक्य दुसऱ्यांदा वाचताना मी त्यात आणखी दोन शब्द घातले.

त्यानंतर थांबणं जमलं नाही. आकडे त्यांना वाचता येत, म्हणून निकाल मी कधी बदलला नाही. कमान हरली की हरलीच. पण जिंकली तर त्या गोलाला पास यादय्याचा असे, आणि हरली तर फक्त यादय्याच झुंजलेला असे. पुढेपुढे मी त्याला गोलसुद्धा देऊ लागले. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या उद्या त्याने काय करायचं ते ठरवायचे. एकदा मोतीशेठचे व्याही हैदराबादहून आले होते. ते म्हणाले, यादय्या हे नाव आम्ही ऐकलेलं नाही. मी पेपराची घडी घालू लागले. काका म्हणाले, "त्यांना कापडातलं कळतं, बॉलमधलं काय कळणार?" आणि विषय संपला.

मला त्यातून काय मिळत होतं, तेही लिहिलं पाहिजे. संध्याकाळची हवा मिळत होती. तीन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसायची. बशीरचाचा मला ईदला बांगड्या आणायचे. दहावी झाल्यावर माझ्यासाठी मंठ्याकडून स्थळ आलं तेव्हा काकांनी दादांना ठणकावून सांगितलं, "ही पोरगी शिकंल. बिलकुल शिकंल. अख्ख्या गल्लीत इतकं फाडफाड इंग्रजी वाचणारी दुसरी हाय का कुणी?" दादा भावाचा शब्द मोडत नसत. मी कॉलेजात गेले ती यादय्याच्या पायांवर.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. हैदराबादेत कुणी श्रीमंत माणूस कमान पुन्हा उभी करणार आहे म्हणे, जुन्याच नावाने आणि जुन्याच रंगात. त्यावर पोरांचा वाद चालला होता. कुणी म्हणत होतं नाव विकत घेतलं म्हणून टीम विकत मिळत नाही, कुणी म्हणत होतं पैसा असेल तर दोन वर्षांत कप आणतील. खाली जुन्या चाहत्यांनी आठवणी लिहिल्या होत्या. त्यात जालन्याच्याच कुणीतरी लिहिलं होतं, "माझे आजोबा सांगायचे, कमानचा शेवटचा खरा खेळाडू म्हणजे यादय्या." त्या ओळीला शंभरावर लोकांनी अंगठे दिले होते. पोरगा म्हणाला, "आजी, तू त्याला पाहिलंस ना? सांग ना कसा खेळायचा." मी म्हणाले, पाहिलं होतं. आणि भाजी करपतेय असं सांगून उठले. त्याच आठवड्यात हे लिहायला घेतलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना कमानची अवस्था फारच वाईट झाली. मालक टीम बंद करणार अशी बातमी पेपरात खरोखरच आली आणि ती मी खरी वाचली. मग मोतीशेठ म्हणाले, "आपण एक करू. यादय्याला जालन्याला बोलवू. सत्कार करू. मालकाला कळू दे, की बाहेरगावी त्याच्या माणसाची काय किंमत आहे. एवढा खेळाडू हातात असताना टीम कशी मोडतात?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कमल," ते म्हणाले, "इंग्रजीत लिही पत्र. झकास लिही."

मी त्याच वेळी सांगू शकले असते. निदान ते पत्र मला हवं तसं लिहिता आलं असतं किंवा पोस्टातच टाकलं नसतं तरी चाललं असतं. मी पत्र लिहिलं. त्यात यादय्याचे गोल वगैरे काही लिहिलं नाही, फक्त जालन्याच्या चाहत्यांना तुमच्या श्री. एल. यादय्या यांचा सत्कार करायचा आहे एवढंच लिहिलं. क्लब नाही म्हणेल, हसून फेकून देईल, अशी माझी अटकळ होती. पंधरा दिवसांत होकार आला. राखीव माणूस होता तो, त्याच्यावाचून त्यांचं काय अडणार होतं?

तो रविवारी सकाळच्या गाडीने आला. मी मनात रंगवलेला यादय्या उंच, सडसडीत, कपाळावर केस येणारा होता. डब्यातून उतरला तो तिशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात एक रेक्झिनची बॅग, आणि उजवा पाय किंचित जपून टाकत होता. काकांनी त्याला मिठीच मारली. तो इतका संकोचला, की हार घालताना त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

आईने सकाळी न्याहारीला सुशीला केला होता. भिजवलेल्या चुरमुऱ्यांत शेंगदाणे, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर आणि डाळीचं पीठ. तो स्वयंपाकघरात पाटावर बसून खात होता, कारण दुकानात बघ्यांची गर्दी झाली होती. दुपारच्या जेवणासाठी येसराची आमटी चुलीवर होती आणि तिचा वास घरभर होता. "अम्मा, बहुत अच्छा बना," तो आईला म्हणाला. आईने त्याला आणखी वाढलं. मग आई पाणी आणायला मागे गेली आणि त्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बेटी, पेपर तुमीच पढते ना इन लोगां कू?"

"हो," मी म्हणाले.

"मेरा नाम आया था बोले. कब आया था?"

मी म्हणाले, "खूपदा येतं."

त्याचा चेहरा असा उजळला, की मी नजर वळवली. "सच्ची? मेरेकू कोई बोलाच नै. मैं तो मैच के दिन बाहर बैठता ना, इसके वास्ते देखता भी नै पेपर." तो थांबला, मग म्हणाला, "एकाध कागज होंगा तो देव. मेरी अम्मा कू पढ़ना नै आता, पर दिखाया तो नाम पे हाथ फेरती वो."

"बघते," मी म्हणाले. आई हंडा घेऊन आत आली. मी सांगायला हवं होतं ते त्याच वेळी. तो रागावला असता, कदाचित हसलाही असता, आणि दुपारच्या गाडीने परत गेला असता. मी उठून त्याच्या ताटात लिंबाची फोड ठेवली.

चार वाजता छावणीच्या मैदानावर सत्कार झाला. मोतीशेठनी शाल घातली, श्रीफळ दिलं. बशीरचाचांनी स्वतः शिवलेला, कमानच्या रंगाचा हिरवा-पांढरा बनियन भेट दिला. काका बोलायला उभे राहिले. काका सभेत कधी बोललेले नव्हते. पण त्या दिवशी ते अडखळले नाहीत, कारण सगळं त्यांना पाठ होतं. अमक्या मॅचमध्ये मध्यापासून बॉल घेऊन चौघांना कसं चुकवलं, तमक्या मॅचमध्ये डोकं फुटलेलं असताना पट्टी बांधून कसा गोल केला. मी रात्री अंथरुणात जे जे रचलं होतं, ते ते माझ्या काकांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात, शे-दीडशे माणसांसमोर बाहेर येत होतं. आई माझ्या शेजारी बायकांत बसली होती. ती म्हणाली, "किती ग लक्षात ठेवलंय भाऊजींनी." यादय्या आधी हसत होता. मग त्याचं हसू गेलं. मग तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला आणि काकांच्या तोंडाकडे, नंतर लोकांच्या तोंडाकडे, एकेकाकडे बघू लागला. आपली थट्टा चालली आहे का, हे तो शोधत होता.

त्याला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. "भाइयो," तो म्हणाला, "मैं कमान में तीन साल से हूं. चार मैच खेला. ये साब बोले वो मैचां में मैं बाहर बैठा था."

मग कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, याला म्हणतात मोठेपणा!" मोतीशेठ माइकवर म्हणाले. "केलेलं बोलून दाखवत नाही!" तो हात वर करून काही सांगू बघत होता. त्याला कुणी ऐकलं नाही.

मग मॅच ठेवली होती. कॉलेजच्या पोरांविरुद्ध गावातले खेळाडू, आणि त्यांच्यात यादय्या. तो वाईट खेळला नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, तो नीटच खेळत होता, बॉल अडवत होता, साधे बरोबर पास देत होता. पण लोक त्यासाठी आले नव्हते. ते चौघांना चुकवणाऱ्या माणसाला बघायला आले होते. पहिल्यांदा एका पोराने त्याच्या पायातून बॉल काढून घेतला तेव्हा लोक कौतुकाने हसले. दुसऱ्यांदा जरा कमी हसले. तिसऱ्यांदा तो वळायला गेला, उजवा गुडघा दुमडला आणि तो धुळीत आडवा पडला. कुणीतरी शिट्टी मारली. मागून आवाज आला, "अरे, हाच का तो?" आणि लोक उठू लागले.

दुकानात परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. यादय्या बाकावर बसून गुडघ्यावर ओलं फडकं दाबत होता. काका उभे होते. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. मोतीशेठ म्हणाले, "दत्तू, मला वाटतं क्लबने दुसराच माणूस पाठवला. आपल्याला खेड्यातले समजून."

काका यादय्याकडे वळले. "खरं सांग. तू यादय्या हायेस का दुसराच कुणी?"

"यादय्याच हूं, साब."

"मंग हे काय हाय?" काकांनी फळीवरून पेपरांचा गठ्ठा ओढून काढला. तीन वर्षांचे पेपर त्यांनी सुतळीने बांधून ठेवले होते. वरचे चार-सहा चाळून एक काढला. "ही ती चौघांना चुकवल्याची मॅच. तीन-दोन. आकडा वळखतो मी. कमल, इकडं ये. वाच याच्यापुढं. वाच, काय काय केलंय यादय्यानं."

मी पेपर हातात घेतला. त्यात लिहिलं होतं, की कमानने ढिसाळ खेळ केला आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरच्या चुकीमुळे जिंकली. अक्षरं दिसत होती. तोंड उघडत नव्हतं. इतके दिवस जे सहज येत होतं, त्यातला एक शब्द येईना. आई पत्र्याच्या दारात उभी होती.

"देव बेटी," यादय्या म्हणाला आणि त्याने माझ्या हातातून पेपर काढून घेतला. त्याला इंग्रजी थोडं वाचता येत असावं. बोट ठेवून तो एकेक ओळ खाली गेला. शेवटपर्यंत गेला. मग गठ्ठ्यातला दुसरा पेपर घेतला, तोही बघितला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. रागाने बघितलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. तो मी किती वर्षांची असेन याचा अंदाज घेतल्यासारखं बघत होता.

पेपर त्याने घडी करून परत गठ्ठ्यावर ठेवला.

"वो यादय्या दुसरा है, साब," तो काकांना म्हणाला. "मैं खाली उस नाम का हूं. बुलाए तो आ गया."

"म्हंजे फसवून राह्यला व्हता आमाला? सकाळपासून?"

"हौ."

काकांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. बशीरचाचा पुटपुटले, "ऐसा नक्को करना था भाई." यादय्याने शाल काढून घडी घातली, बाकावर ठेवली, तिच्यावर नारळ आणि हिरवा-पांढरा बनियन ठेवला. बॅग उचलली. आईने आतून हाक मारली, "अहो, ताट वाढलंय ना!" दुपारी सत्काराच्या गडबडीत तो धड जेवला नव्हता. त्याने दाराकडे बघून आईला हात जोडले आणि तो स्टेशनच्या दिशेने लंगडत गेला. मी दारात उभी राहून बघत होते. चौकापर्यंत तो दोनदा थांबला. धावत गेले असते तर पन्नास पावलांत गाठलं असतं.

"उपाशी गेला माणूस," आई त्या रात्री दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी क्लबला तक्रारीचं पत्र लिहायला सांगितलं. तोतया पाठवून आमची बेइज्जती केली, त्याला हाकलून द्या, असं ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेले, की सत्कार उत्तम झाला, आपले आभारी आहोत. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून असं केलं, हे खरं. आपण उघडे पडू नये म्हणून केलं, हेही तितकंच खरं. काका महिनाभर जबाबाची वाट बघत होते. पुढच्याच वर्षी कमान बंद पडली. त्यातल्या राखीव माणसांचं काय झालं, ते कुठल्याच पेपरात आलं नाही. मी नंतर दोनदा हैदराबादला गेले, चौकशी केली. यादय्या नावाची माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत.

मी औरंगाबादला शिकले, मंठ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, लग्न झालं. काका मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तोतयाची गोष्ट सांगत राहिले. पंक्चरला आलेला अनोळखी माणूससुद्धा ती ऐकून जायचा. त्या गोष्टीत खरा यादय्या दिवसेंदिवस थोर होत गेला आणि रविवारी आलेला माणूस दिवसेंदिवस नीच.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पन्नाशीला आले होते. डोळ्यांवर पट्टी होती, मी त्यांच्याजवळ राहायला आले होते. डॉक्टरांकडची नर्स थेंब टाकायला आली, तर तिलाही ते सांगू लागले, "एक चोर आल्ता बगा आमच्याकडं..." ती गेल्यावर मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. खांबाला लागलेल्या बॉलपासून सगळं. पट्टीमुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते, याचा मला आधार वाटला. मोकळी झाले, असंही क्षणभर वाटलं.

काकांनी चाचपून पट्टीची कड नीट केली. मग म्हणाले, "मी त्याला जेवू न्हाई दिलं." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "पस्तीस वर्षं चोर म्हन्लो. कितीजणांला सांगितलं असंल. त्यातले निम्मे मेले की ग. त्यांला आता कोन सांगनार?"

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकल्याचं दाखवलं नाही.

पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल. बशीरकडं जायचंय." मोतीशेठ तोवर गेले होते. बशीरचाचा मुलाच्या घरी माडीवर एका खोलीत पडून असत. आम्हाला बघून उठून बसले. काका त्यांच्या कॉटच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "बशीर, तो यादय्या खरा व्हता रे. आपन बुलाया, तोच व्हता. त्यानं ते गोल कधी केलेच न्हाईत. माझी चूक. मला इंग्रजी येत नव्हतं, मी मनानंच काय काय धरून बसलो. पोरीनं बराबर वाचलं व्हतं."

हे बोलताना ते माझ्याकडे वळले नाहीत. बशीरचाचांनी पांघरूण बाजूला सारलं. "मतलब, अपन उस बेचारे कू..." ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी डोळे बारीक करून मला शोधलं. "बेटी, तू तो तबीच बोली होंगी इसकू. ये सुना नै होंगा. जिद्दी है ये."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी तेव्हा शाळेत वर्गावर उभी राहून पोरांना रोज खरं बोलायला सांगत असे.

मी होकारार्थी मान हलवली.

काका उठले. जिन्यात मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला आणि भिंतीला धरून एकेक पायरी एकटेच उतरत गेले.